बरणी माझ्याकडे, विरजण शेजारी

माझी बायको गेल्याची बातमी मला शेजारणीनं दिली. मंदा नगरच्या दवाखान्यात होती. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नव्हते, म्हणून सोबतीला शकुबाई, आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या. मी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायचो आणि शेवटच्या गाडीनं पारनेरला परतायचो. आदल्या संध्याकाळी मंदाच म्हणाली होती, उद्या जरा उशिरा या, अंघोळ करून, दाढी करून या, तोंड कसं झालंय बघा आरशात. मी ऐकलं. एरवी कधी ऐकत नव्हतो, नेमकं त्या दिवशी ऐकलं. गुळगुळीत दाढी करून गाडीत बसलो, सुपा मागं पडलं आणि खिशातला मोबाईल वाजला. "दाजी, ताई गेली," शकुबाई म्हणाल्या. मला दुसरं काही सुचलं नाही, मी विचारलं, काही बोलली का? पलीकडे थोडा वेळ नुसता वॉर्डातला गलका ऐकू येत राहिला... मग त्या म्हणाल्या, "न्हाई. काय न्हाई." त्या खोटं बोलत होत्या हे मला तिथंच कळलं. माझी सगळी नोकरी स्टँडवर लोकांची कारणं ऐकण्यात गेली आहे. खरं कोणतं आणि थाप कोणती, हे मला आवाजावरून समजतं.

म्हणजे मंदा जाताना काहीतरी बोलली होती, आणि ते शकुबाईंकडे होतं. माझ्या दुःखाला पहिल्या दिवसापासून हा असा फाटा फुटलेला आहे. स्मृतिलेखात माणसं मोठ्या मनानं लिहितात. मला ते जमणार नाही. मंदाबद्दल लिहायचं तर शकुबाईंबद्दल लिहावं लागेल आणि शकुबाईंबद्दल लिहायचं तर माझ्या पोटात दुखतं, हे आधी सांगून टाकावं लागेल.

मंदा काष्टीची. माहेर बाजारतळाच्या मागं, दारात म्हशी. लग्नानंतर सासरी येताना मुली जे काही आणतात ते तिनं आणलंच, पण बाकीचं सामान टपावर टाकायला दिलं आणि मांडीवर धरून बसली ती चिनी मातीची एक छोटी बरणी, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. वाटेत गाडी बदलली, धूळ खाल्ली, माझ्या आत्यानं दोनदा विचारलं की अगं दे इकडे, मी धरते. दिली नाही. मला वाटलं देवाचं काही असेल. घरी आल्यावर फडकं सोडलं तर आत दही! तिच्या आईच्या घरचं विरजण. मी हसलो आणि म्हणालो, पारनेरात दही मिळत नाही असं वाटलं की काय तुझ्या आईला? नवी नवरी, मान खाली, पण उत्तर आलं. "मिळत असेल. हे नाही मिळायचं."

तेव्हापासून त्या दह्यात आमच्या घरी कधी खंड पडला नाही. रोज भांडीकुंडी आवरली की ती दूध कोमट करायची, करंगळी बुडवून बघायची, आदल्या दिवसाच्या दह्यातलं चमचाभर काढून त्यात मोडायची आणि बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. तिच्या आईनंही असंच केलं असेल आणि आईच्या सासूनंही. दह्याच्या बाबतीत तिचे दोन कायदे होते. एक म्हणजे विरजणापुरतं कायम मागं ठेवायचं, पंगत उपाशी राहिली तरी चालेल. आणि दुसरा, एकदा दिवे लागले की विरजण कुणालाही द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणे. एकदा माझी सख्खी बहीण तिन्हीसांजेला वाटी घेऊन आली होती, पाहुणे यायचे होते तिच्याकडे. मंदानं तिला चहा पाजला, भजी तळून खाऊ घातली, आणि रिकामी वाटी हातात देऊन सांगितलं, "सकाळी या." बहीण माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. मी मंदाला म्हणायचो, आपल्या घरात लक्ष्मी आहेच कुठं, जायला? ती म्हणायची, "तुम्हाला काय दिसतंय."

खरंच मला काही दिसत नव्हतं. मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. माईकवरून गाड्या पुकारायच्या, फलाट सांगायचा, चालकाला हाक मारायची, आणि सगळं स्टँड त्याप्रमाणे हलायचं. घरीही माझं तसंच. जेवायला बसलो की ताट यायचं, हात पुढं केला की टॉवेल. मी काही मागायचो नाही, मी पुकारायचो. पुढं पुढं तेही करावं लागेना. ताकात मीठ कमी आहे हे मला कळायच्या आत मंदाला कळलेलं असायचं. याला मी प्रेम समजत होतो, आणि अजूनही समजतो, पण त्यात मी अगदीच बिनकामाचा होत गेलो हेही खरं.

शकुबाई आणि त्यांचे आबा शेजारी राहायला आले तेव्हा आमचा मुलगा शाळेत होता. त्यांचा खालच्या अंगाला मळा, कांदा, ज्वारी आणि दोन-तीन गाया. मंदा त्यांच्याकडून दूध घ्यायला लागली. एका सकाळी शकुबाई विरजण मागायला आल्या, त्यांचं दही चिकट होत होतं. मंदानं दिलं. तिथून पुढं दूध त्यांचं आणि विरजण आमचं, असा दोन घरांचा कारभार सुरू झाला. कधी आमच्या बरणीला काही झालं तर त्यांच्याकडून आणायचं, कधी त्यांचं बिघडलं तर आमच्याकडून न्यायचं. शकुबाईंना सख्खी बहीण नव्हती, त्या मंदाला ताई म्हणायला लागल्या आणि मला न विचारता मी दाजी झालो.

दुपारी माझी पाळी नसली की मी आतल्या खोलीत पडायचो आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. शकुबाईंच्या पडवीत दोघी लसूण सोलत, शेंगा फोडत बसायच्या. आधी बारीक आवाजात बोलणं, काहीच कळायचं नाही, मग मंदाचं हसणं. आमच्या घरात मंदा हसायची, नाही असं नाही. पण ते हसणं वेगळं. तिकडचं हसणं तिला आवरायचं नाही, मध्येच श्वास अडकायचा, "अगं बास गं शके" म्हणायची आणि पुन्हा सुरू. इतक्या वर्षांच्या संसारात मी मंदाला असं एकदाही हसवलं नाही. ती परत आली की मी विचारायचो, काय चाललं होतं एवढं? "काही नाही, बायकांचं." मी कूस बदलायचो. म्हातारपणी कुणी आपल्या बायकोच्या मैत्रिणीवर जळतं का? मी जळायचो. आबांवर नाही, गावातल्या कुठल्या पुरुषावर नाही, शकुबाईंवर.

आता तेराव्याचं सांगतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघर माझ्या चुलत बहिणीनं हातात घेतलेलं. सुतकाच्या दिवसांतही मुलाच्या बायकोनं मंदाचं दही रोज लावलं होतं, कुणी न सांगता, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तेराव्याला कढी लागतेच. बहिणीनं ओट्यावर होतं ते सगळं दही घुसळलं, बरणी तळापर्यंत खरवडली, आणि मग ती कामसू बाई, तिनं बरणी गरम पाण्यानं स्वच्छ घासून उन्हात पालथी घातली. कढी झकास झाली होती. मी दोनदा घेतली. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिभेला चव लागली होती, आणि बहिणीनं सगळ्यांना सांगितलं की बघा, दादा जेवला एकदाचा. पाहुणे पांगले, मुलगा-सून पुण्याला गेले, मी दूध तापवलं आणि विरजण काढायला बरणी उघडली. आत लख्ख... नखाएवढंही काही नव्हतं. मंदाच्या आईकडून आलेलं, तिनं मांडीवर धरून आणलेलं, जन्मभर जपलेलं ते मी दोन वाट्या ओरपून संपवलं होतं. तिच्या चितेपाशी मी रडलो नव्हतो. त्या ओट्यापाशी रडलो.

मुलगा म्हणत होता पुण्याला चला, नाहीतर डबा लावा. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि स्वयंपाक शिकायला घेतला. एकट्याचा स्वयंपाक ही गोष्ट मुळात अवघड आहे, कारण दुनियेतलं काहीच एकट्यासाठी केलेलं नसतं. मोबाईलवर ज्या बाया शिकवतात त्यांचं सगळं चार जणांसाठी. एका माणसाची डाळ कुकरच्या तळाला लागून बसते. मंदा मुठीनं मोजायची, तर मीही मुठीनं मोजली. माझी मूठ मोठी निघाली, खिचडी तीन दिवस पुरली, तिसऱ्या दिवशी ती खाताना मी तिला शिव्या दिल्या. पिठलं जमलं. भाकरी अजून जमलेली नाही, पीठ थापता थापता कडेला चिरतं, मी ते तसंच तव्यावर टाकतो आणि तुकडे खातो. भात जमला. पण ताटात हे सगळं आलं तरी कडेची वाटी रिकामी राहायची. दुकानातून दही आणलं, ते आंबट होतं एवढंच. त्याचं विरजण करून लावलं तर तार सुटली. मला चव नको होती, मला मंदाचं दही हवं होतं. आणि ते जिवंत होतं. भिंतीपलीकडे होतं.

रोज सकाळी आबा आमच्या फाटकावर दुधाची किटली लावून जायचे. किटलीत दूध असायचं, शेजारी दह्याची वाटी कधीच नसायची. गल्लीतल्या बाकीच्या घरांतून अधूनमधून काही ना काही येत होतं, कुणाकडून धपाटे, कुणाकडून आमटी. फक्त ज्या घराशी इतक्या वर्षांची देवाणघेवाण, त्या घरातून दुधाशिवाय काही येईना. दुपारी आबा मळ्यातून येऊन पडवीत बसायचे आणि ताक प्यायचे. आवाज करून प्यायचे, तांबेच्या तांबे. तो आवाज मला इकडे ऐकू यायचा. कढीला फोडणी बसायची, सालासकट ठेचलेला लसूण, जिरं, कढीपत्ता, मंदाचीच फोडणी, आणि वास भिंत ओलांडून यायचा. माझ्या बायकोच्या दह्याचं ताक तो माणूस पितो आणि मिशा पुसतो, आणि मी इकडे भाकरीचे तुकडे पाण्याबरोबर गिळतो! मला आबांच्या ताकाचा हेवा वाटायचा, त्यांना हाक मारून ते द्यायला घरात कुणी आहे याचा वाटायचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मंदा मेली तरी त्या घरात राहिली आणि या घरातून गेली, याचा वाटायचा.

मागावं की नाही यात बरेच दिवस गेले. मला मागता येत नाही. होळी दोन दिवसांवर आली होती, पुरणपोळी तर मला जमणार नव्हतीच, पण मंदा त्या दिवशी आमटीबरोबर दहीभात करायची, तेवढा तरी करावा असं मनात आलं. मी बरणी कापडी पिशवीत घातली, गल्लीत कुणी बघू नये म्हणून अंधार पडायची वाट पाहिली आणि शकुबाईंच्या दारात गेलो. गोठ्यातला दिवा लागलेला, देवापाशी उदबत्ती. शकुबाई पदर सावरत बाहेर आल्या. मी पिशवीतून बरणी काढली आणि नुसती पुढं धरली. त्यांनी बरणी ओळखली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि हात मागं घेतला. "दिवं लागल्यात, दाजी. सकाळी या."

मला आधी वाटलं थट्टा आहे. मग संताप आला. एवढे दिवस दम धरून मी त्या दारापर्यंत आलो होतो आणि ही बाई मला माझ्याच घरचा कायदा शिकवत होती. मी म्हणालो, "शकुबाई, ते दही माझ्या बायकोचं आहे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच न्हाई देत. तिनं दिलं नसतं."

मी बरणी पिशवीत घातली आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो नाही. होळी झाली, धुळवड झाली, मी दही आणायला गेलो नाही. माझा राग म्हणजे डेपोतली जुनी गाडी, एकदा गरम झाली की थंड व्हायला वेळ लागतो. पण रागावून बसणाऱ्याला समजवायला कुणीतरी लागतं ना? माझ्याकडे तेही राहिलं नव्हतं. एका सकाळी मी कुकर लावता लावता थांबलो, बरणी घेतली, या वेळी पिशवीत न लपवता हातात धरून, आणि भर उन्हात गल्लीतून चालत त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आणि म्हणालो, "शकुबाई, थोडं विरजण द्या."

त्यांनी बरणी धुऊन कोरडी केली, फडताळातून आपलं दह्याचं पातेलं काढलं आणि चमचाभर दही बरणीत सोडलं. मग खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मला अवघडल्यासारखं झालं. "त्या दिवशी फोनवर तुमाला खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "बोलली हुती ताई. म्हनली, शके, मी गेल्यावर त्यांना काय आयतं नेऊन देऊ नको. दूध दे, बाकी काय न्हाई. मागू दे. त्या माणसाला मागायला शिकू दे, न्हाईतर दार लावून बसंल आन् तसाच वाळंल." शकुबाईंनी नाक ओढलं. "लई जड गेलं मला, दाजी. रोज वाटी भरायचे आन् परत वतायचे."

या जागी माझे डोळे भरून आले, मन निवळलं असं लिहायला हवं. डोळे भरून आले. मन निवळलं नाही. मंदाचं शेवटचं बोलणं माझ्याबद्दल होतं आणि ते तिनं माझ्याशी केलं नव्हतं. मला दाढी करायला पाठवलं आणि दुसऱ्या बाईपाशी माझी व्यवस्था लावली. दोघींनी पडवीत बसून मला किती वर्षं असं उलगडून ठेवलं असेल! ते हसणंही कदाचित माझ्यावरचंच असेल. मी विचारलंही तसं. शकुबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "मग काय आबांवर हसायचो का? ती मला आबांवर हसू देत न्हवती, मी तिला तुमच्यावर. मग दोघींची भांडणं, आन् त्यातच हसू." एवढं ऐकून मी बरणी उचलली. उंबऱ्यापाशी त्यांनी पुन्हा हाक मारली आणि सांगितलं की थंडी असेल तर बरणी गुंडाळून ठेवा, ताई तुमच्या जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळायची.

मला हे माहीत नव्हतं. घरी येऊन पिठाच्या डब्यामागं हात घातला तर खरंच तिथं माझ्या नोकरीतल्या सदऱ्याची घडी होती. बटणं काढून घेतलेली, कॉलर फाटलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. मी तो सदरा हरवला म्हणून तिच्यावर ओरडलो होतो, ते आठवलं. थंडीत रोज मी झोपल्यावर ती तिच्या आईचं दही माझ्या सदऱ्यात निजवत होती.

पहिल्यांदा लावलं ते दही माझ्या हातून मेलं. दूध गरम होतं, करंगळी भाजली तरी मला वाटलं चालेल. सकाळी बरणीत नुसतं दूध. पुन्हा मागायला जावं लागलं. दुसऱ्यांदा मागणं सोपं जातं असं म्हणतात, मला नाही गेलं, पण गेलो. शकुबाईंनी विरजण दिलं, आबा पडवीतून म्हणाले, "दाजी, रोज आला तरी चालतंय." त्या वेळी करंगळी जरा जास्तच वेळ दुधात धरली, अंघोळीच्या पाण्यासारखं वाटलं तेव्हा विरजण मोडलं, बरणी सदऱ्यात गुंडाळली. सकाळी उघडली. दही लागलं होतं. वर सायीचा पिवळट थर, चमचा घातला तर कडा सरळ कापली जाईल असं. मी जिभेवर ठेवलं... आणि तिथंच ओट्याला टेकून उभा राहिलो. मंदा घरी आली होती. त्या दुपारी मी एका माणसाची कढी केली. एका वाटीची. बेसन चिमूटभर, लसूण सालासकट ठेचला. आवाज करून प्यायलो, भिंतीपलीकडे ऐकू जावा इतका.

चैत्र संपता संपता शकुबाई राहात्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि आबा एकटे पडले. त्यांनाही काही करता येत नाही. सकाळी मिसळ, संध्याकाळी पाव, नाहीतर माझ्या दारात. मी त्यांना दोनदा कढीभात वाढला. ते जेवता जेवता शकुबाईंना फोन लावायचे, ह्यो बघ दाजीनं कढी केलीया म्हणून मोबाईल ताटावर धरायचे. वाढता वाढता माझ्या मनात यायचं की याचं एकटेपण उन्हाळ्यापुरतं आहे, याची बायको परत येणार आहे, आणि याला त्याची किंमतही नाही. चमचा माझ्या हातात जड व्हायचा. पण वाढलं.

परवा शकुबाई आल्या. आबा स्टँडवर आणायला गेले होते, अंगात इस्त्रीचा सदरा होता, मी खिडकीतून बघितलं. संध्याकाळी मी ओट्यापाशी होतो, देवापुढं दिवा लावून झाला होता. दार वाजलं. शकुबाई, हातात स्टीलची वाटी. त्या गावाला असताना घरात आबांनी दही संपवून टाकलं होतं, विरजणसुद्धा खाऊन पातेलं घासून ठेवलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाले. "थोडं विरजण द्या, दाजी," त्या म्हणाल्या, "सांजचं दूध तापवलंय, लावून टाकते."

मी बरणीकडे बघितलं. उन्हाळ्यात गुंडाळायची गरज नसते, दही आंबट होतं, हे शकुबाईंनीच मला सांगितलं आहे. मी गुंडाळतो. ती खाकीत गुंडाळलेली, कोपऱ्यात होती. सगळ्या पारनेरात आता मंदाचं दही तेवढ्याच एका ठिकाणी होतं. देव्हाऱ्यातला दिवा माझ्या पाठीमागं होता पण त्याचा उजेड ओट्यावर पडला होता. मी म्हणालो, "दिवे लागले, शकुबाई. सकाळी या."

त्यांनी दिव्याकडे बघितलं. मग हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर, मग पदर सुटला, श्वास अडकला, चौकटीला हात टेकला आणि पुन्हा हसू. ते भिंतीपलीकडचं हसणं मी पहिल्यांदा समोरून बघत होतो, आणि त्यातला अर्धा आवाज कमी होता. तो कमी आहे हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्या मध्येच थांबल्या. वाटी माझ्या ओट्यावर ठेवली, "हितंच राहू द्या" म्हणाल्या आणि गेल्या.

सकाळी मी त्या वाटीत विरजण घालून देणार होतो, चांगले दोन चमचे, मंदा देत असे त्याहून जास्त. द्यायचं नव्हतं असं नाही. पण मी त्या रिकाम्या वाटीशेजारी बरणी आणून ठेवली, सदऱ्याची घडी नीट केली आणि भाताला एका माणसाचे तांदूळ धुतले. सकाळपर्यंत मंदा फक्त माझ्या घरात होती.